रोजची भाकर आणि आमचा संसार

प्रति,
मा. संपादक,
सोलापूर.

विषय: लग्नखर्च आणि घटस्फोट यांविषयीच्या वाचकपत्रांच्या निमित्ताने

महोदय,

सप्रेम सलाम.

गेले काही आठवडे आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांच्या सदरात लग्नसराईतल्या खर्चाविषयी आणि मोडणाऱ्या संसारांविषयी बरेच लिहिले जात आहे. बहुतेक पत्रलेखकांनी दोष मोबाइलवर, तरुण पिढीच्या उतावीळपणावर किंवा मुलींच्या शिक्षणावर ठेवला आहे. मुली शिकल्या म्हणून संसार मोडला, असे एकही घर माझ्या पाहण्यात नाही. पण तो वाद मी बाजूला ठेवते. मी येथील एका मराठी ख्रिस्ती मंडळीची सभासद आहे, बालवाडीत शिकवून निवृत्त झाले आहे आणि माझ्या लग्नाला ४१ वर्षे झाली आहेत. या विषयाची एक बाजू आमच्या रोजच्या प्रार्थनेशी जोडलेली आहे. ती या पत्रव्यवहारात अजून कोणी मांडलेली नाही, म्हणून हे पत्र.

सोलापूरच्या माणसाला साठवण करायला कोणी शिकवावे लागत नाही. उजनीसारखे मोठे धरण आपल्याच जिल्ह्यात, भीमेवर असूनही नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांआड पाणी, अशी वर्षे आपण इतकी काढली आहेत की भाड्याचे घर बघायला गेलेला माणूस खोल्या मोजण्याआधी टाकी किती लिटरची आहे ते विचारतो. आपली कडक भाकरी हेही साठवणीचेच अन्न. ज्वारीची पातळ भाकरी तव्यावर पार पापडासारखी वाळवून ठेवली की ती आठवडेच्या आठवडे टिकते आणि शेंगांच्या चटणीबरोबर शेतावर, प्रवासात किंवा परगावी शिकणाऱ्या मुलाच्या बॅगेत कुठेही जाते. हे दुष्काळी मुलखाचे शहाणपण आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. मात्र याच गावात दर रविवारी उपासनेत आणि रोज रात्री घरच्या प्रार्थनेत आम्ही प्रभूने शिकवलेली प्रार्थना म्हणतो आणि तिच्यात मागतो, ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे.’ महिन्याचे राशन मागत नाही, वर्षाची बेगमीही मागत नाही. पिंपे भरून ठेवणाऱ्यांच्या तोंडी ही मागणी तशी अवघडच.

या ओळीत आपण जिथे ‘रोजची’ म्हणतो, तिथे मूळ ग्रीकमध्ये ‘एपिऊसिऑस’ असा शब्द आहे. बायबलच्या नव्या करारात तो फक्त या प्रार्थनेतच, म्हणजे मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत एकेकदाच, आढळतो. तो लोकांच्या बोलण्यात नव्हता, असे तिसऱ्या शतकातील विद्वान ओरिजेन यानेच लिहून ठेवले आहे. ‘आजच्या दिवसाची’, ‘गरजेपुरती’ आणि ‘येणाऱ्या दिवसाची’ असे तीन अर्थ अभ्यासक लावत आले आहेत. मराठी भाषांतरकारांनी त्यापुढे ‘भाकर’ हा शब्द ठेवला, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. ‘अन्न’ म्हटल्याने अर्थ बदलला नसता, पण भाकर म्हटले की पीठ, परात, तवा आणि थापणारा हात डोळ्यांपुढे उभा राहतो. आणि तो हात बहुधा घरच्या बाईचा असतो. देवावर रोज विसंबून राहणे आणि लग्न टिकवणे हे दोन विषय माझ्यापुरते या एका शब्दात एकत्र येतात.

बायबलमधील निर्गमाच्या पुस्तकातील १६ व्या अध्यायात मान्न्याची, म्हणजे देवाने रानात पुरवलेल्या अन्नाची, हकिकत आहे. मिसर देशातून बाहेर पडलेले लोक रानात उपाशी कुरकुरू लागले, तेव्हा दहिवर सुकल्यावर जमिनीवर बारीक कण पडलेले त्यांना दिसले आणि ‘हे काय?’ असे ते एकमेकांना विचारू लागले. माणशी एक ओमर (हे त्या काळचे माप) एवढेच गोळा करायचे आणि सकाळपर्यंत शिल्लक ठेवायचे नाही, असा नियम होता. काहींनी ठेवलेच, त्यात किडे पडले आणि त्याला घाण येऊ लागली. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला त्या साठवणाऱ्यांचीच कीव येत असे, कारण आमच्या घरीही तेच झाले असते. पुढे बालवाडीत मुलांना ती सांगू लागल्यावर एक बारकावा माझ्या ध्यानात आला. मान्ना आकाशातून पडत असला तरी तो कोणाच्या तोंडात पडत नव्हता. ऊन तापले की तो वितळून जाई, म्हणून सकाळी लवकर उठून वाकून वेचावा लागे. मे महिन्यातले सोलापूरचे ऊन ज्याने सोसले आहे, त्याला उन्हाआधी काम उरकणे म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको.

संसाराविषयी माझे म्हणणे एवढेच आहे की आपण लग्नाला कडक भाकरी समजतो आणि ते मान्न्याच्या जातीचे निघते. एका दिवशी मांडव घालून, वचने देऊन, जेवणावळी उठवून जे प्रेम आणि जो विश्वास साठवला, तो जन्मभर पुरेल असा हिशोब आपण करतो. आणि चार-सहा वर्षांनी डबा उघडतो तेव्हा आत कीड लागलेली असते. त्याच अध्यायाच्या शेवटी असेही सांगितले आहे की एक ओमर मान्ना पुढच्या पिढ्यांना दाखवण्यासाठी पात्रात जपून ठेवण्यात आला. तो बघण्यासाठी होता, खाण्यासाठी नव्हता. लग्नाचा अल्बम मला त्या पात्रासारखा वाटतो. तो जपावा, नातवंडांना दाखवावा. त्यातून आजचे जेवण निघत नाही.

हे मी पुस्तकातून शिकले असते तर बरे झाले असते. आमच्या लग्नानंतर काही वर्षांतच माझे यजमान ज्या गिरणीत कामाला होते ती बंद पडली. गावातल्या गिरण्या तेव्हा एकेक करून बंद पडत होत्या. भोंगा बंद झाला की त्या भागाचे घड्याळच बंद पडल्यासारखे होई. आमच्या पदरात दोन लहान मुले होती आणि काही महिन्यांचा पगार थकलेला होता. हे स्वभावाने श्रद्धाळू. रोज रात्री प्रार्थना झाली की म्हणत, ‘देव देईल.’ पहिले पंधरा दिवस मला ते ऐकून धीर आला, नंतर राग येऊ लागला. कारण देव द्यायच्या आत वाण्याकडे उधारी मागायला मी जात होते. शेवटी एका रात्री मी बोलून गेले की देव देईलच, पण त्याने दिलेले आणायला उद्या सकाळी तुम्हाला बाहेर पडावे लागेल. त्यांना ते लागले. दोन दिवस अबोला होता. तिसऱ्या दिवशी ते एका चादरीच्या कारखान्यात मागावर, मिळेल त्या मजुरीवर उभे राहिले आणि मी रात्री शिवणाचे मशीन चालवू लागले. त्यानंतरची कित्येक वर्षे आम्ही अक्षरशः आठवड्याच्या पगारावर काढली, आणि ‘आज आम्हांस दे’ यातला ‘आज’ किती लहान असतो ते तेव्हा कळले.

आमच्या समाजात याविषयी मोकळेपणाने बोलले जात नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. देवावर भरवसा ठेवणारा नवरा ही मोठी देणगी आहे, पण त्याच्या भरवशाची किंमत पुष्कळदा बायको मोजत असते. मराठी ख्रिस्ती समाजातले सर्वांत नावाजलेले जोडपे, कवी नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई, यांच्या संसारातही हेच होते. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे. समोर गरजवंत दिसला की ते देऊन मोकळे होत आणि चूल कशी पेटवायची हा प्रश्न लक्ष्मीबाईंना पडे. त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथेत हे सारे लपवले नाही आणि कडवटपणेही सांगितले नाही, उलट नवऱ्याला आणि स्वतःलाही हसत हसत सांगितले. आपल्याकडे टिळकांच्या भक्तीचे गोडवे गाताना बाईंची ही बाजू तोंडी लावण्यापुरतीच येते, हे मला पटत नाही. भक्ती दोघांची होती. एकाची ओळींतून दिसली, दुसरीची पिठाच्या डब्यातून.

याच जोडप्याविषयी आणखी एक गोष्ट आजच्या चर्चेत आठवावीशी वाटते. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला आणि नवराबायको दुरावली. लक्ष्मीबाईंनी तो काळ नातेवाइकांच्या आधाराने, अपमान आणि आजारपण सोसत काढला. धर्मांतर केलेल्या माणसाचा जोडीदार नांदायला येत नसेल तर तो विवाह न्यायालयाकडून मोडून घेण्याची सोय १८६६ च्या कायद्याने तेव्हा उपलब्ध होती. टिळकांनी ती वाट धरली नाही. ते पत्रे लिहीत राहिले, वाट पाहत राहिले. पुढे लक्ष्मीबाई परत आल्या त्याही सुरुवातीला आपला धर्म आणि आपले सोवळे सांभाळूनच. एकाच घरात दोन धर्म नांदले, आणि मग १९०० साली त्यांनी आपल्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. वाट पाहण्याची ती वर्षे कोणत्याही भव्य विवाहसमारंभाइतकीच विवाहाचा मान राखणारी आहेत, असे मला वाटते. उद्या ती येईलच असे टिळकांना कोणी लिहून दिले नव्हते.

आता खर्चाविषयी. योहानाच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात गालीलातल्या काना गावच्या लग्नात येशू, त्याची आई आणि शिष्य जेवायला गेलेले दिसतात. लग्नात द्राक्षारस संपला. यजमानाची अब्रू जाण्याची वेळ आली, तेव्हा तिथे असलेल्या सहा दगडी रांजणांत येशूने पाणी भरायला सांगितले आणि त्याचाच द्राक्षारस झाला. आमच्यातले काही जण हा उतारा वाचून ‘प्रभूनेही लग्नाला भरपूर पुरवले’ असा खर्चाचा परवाना काढतात. मला त्यात उलटे दिसते. त्या घराची तयारी अपुरी पडली होती. माणसाने केलेली बेगमी लग्नाच्या दिवशीसुद्धा पुरली नाही आणि चाकरांना रांजण काठोकाठ भरण्याचे साधे, कंबर मोडणारे काम करावे लागले. पाणी भरणे म्हणजे काय हे सोलापुरात कोणाला विचारावे लागत नाही! कर्ज काढून हॉल, दोन-दोन दिवसांचे स्वयंपाकी, नवऱ्यामुलाचा सूट आणि नवरीचा पांढरा गाऊन, वर ड्रोनने काढलेले चित्रीकरण, हे सगळे आता आमच्या समाजातही आले आहे. गरीब घरातला बापही ‘लोक काय म्हणतील’ म्हणून ते करतो आणि पुढची काही वर्षे हप्ते फेडतो. ज्या नवविवाहितांच्या पहिल्या वर्षाची सुरुवात सासऱ्याच्या कर्जाने होते, त्यांना ‘रोजची भाकर’ मागताना आवंढा गिळावा लागतो, हे मी जवळून पाहिले आहे.

वचनांकडे मात्र कोणाचे लक्ष नसते. आमच्या विवाहविधीत वधूवर एकमेकांना ‘आजपासून पुढे, सुखात आणि दुःखात, श्रीमंतीत आणि गरिबीत, आजारपणात आणि आरोग्यात’ अशा अर्थाचे वचन देतात. या शब्दांची घडण १५४९ सालच्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकापर्यंत आणि त्याच्याही मागे जाते. त्यातली अर्धी यादी संकटांची आहे. ही वचने चालू असतात तेव्हा फोटोग्राफर ‘मॅडम, इकडे बघा’ म्हणत असतो.

जानेवारीत श्री सिद्धेश्वरांच्या यात्रेत संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, तेव्हा शेजारणींबरोबर मीही गर्दीत उभी राहिलेली आहे. सात नंदीध्वज, पांढऱ्याशुभ्र बाराबंदीतले मानकरी आणि कुंभारकन्येच्या सिद्धेश्वरांच्या योगदंडाशी झालेल्या विवाहाची ती आठवण. आमचा धर्म वेगळा आहे, पण एका विवाहासाठी दरवर्षी सारे गाव साक्षीला उभे राहते, ही गोष्ट मला नेहमी विचारात पाडते. आमच्या मंडळीतही लग्नापूर्वी उपासनेत नावांची जाहीर सूचना होते, कोणाची हरकत असल्यास सांगा असे विचारले जाते. लग्न लागल्यानंतर मात्र त्या जोडप्याची विचारपूस करायला साक्षीदारांपैकी कोणी फिरकत नाही. फिरकतात ते भांडण कोर्टात गेल्यावर.

भांडणाविषयी प्रेषित पौलाने इफिसकरांना, म्हणजे इफिस गावच्या मंडळीला, लिहिलेले एक वाक्य आमच्या घरी फार उपयोगी पडले. सूर्य मावळेपर्यंत राग राहू नये, अशा अर्थाचे ते आहे. राग येऊ नये असे तो म्हणत नाही, हे मला आवडते. तो फक्त मुदत घालून देतो. म्हणजे मान्न्याचाच नियम, रात्रभर ठेवायचे नाही. आमच्याकडे तो काटेकोर पाळला गेला असे मी म्हणणार नाही, अबोल्याचे दोन दिवस वर कबूल केलेच आहेत. पण प्रार्थनेला एकत्र बसायचे असेल आणि ‘आमच्या ऋण्यांना जशी आम्ही सूट दिली आहे’ हे शब्द मोठ्याने म्हणायचे असतील, तर शेजारी बसलेल्या माणसाशी काहीतरी बोलावेच लागते. कित्येक रात्री आमचे ते पहिले बोलणे ‘दार लावले का?’ एवढेच होते. तेवढ्यानेही भागले.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली नाही तर या पत्राचा गैरवापर होईल. ‘देवाने जे जोडले आहे ते माणसाने तोडू नये’ हे वचन मार खाणाऱ्या बाईच्या तोंडावर फेकण्यासाठी नाही. मत्तयाच्या १९ व्या अध्यायात ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून आले, तेही वाचावे. पुरुषाने कोणत्याही कारणावरून बायको टाकावी काय, असा तो प्रश्न होता आणि ज्या बाईला एका कागदावर घराबाहेर काढता येत होते तिच्या बाजूने ते उत्तर होते. आमच्या समाजाच्या कायद्यानेही बाईला फार काळ न्याय दिला नाही. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात पुरुषाला बायकोचा व्यभिचार सिद्ध करणे पुरे होते, तर बाईला नवऱ्याच्या व्यभिचाराबरोबर क्रूरता किंवा त्याने टाकून देणे यांसारखे आणखी काही सिद्ध करावे लागे. ही विषमता २००१ च्या दुरुस्तीने गेली आणि परस्पर संमतीने घटस्फोटाची सोयही तेव्हाच आली. त्या दुरुस्तीमुळे आमच्यात संसार मोडू लागले, अशी तक्रार करणाऱ्यांना मी विचारते की त्याआधी जे टिकलेले दिसत होते ते संसार होते की नाइलाज? जिथे जिवाला धोका आहे तिथून बाईने मुलांना घेऊन बाहेर पडावे आणि मंडळीने तिला दार उघडावे, असे मला वाटते. विवाहाची किंमत कळलेल्या माणसालाच त्याची विटंबना कुठे चालली आहे तेही कळते.

आणि ज्यांचे लग्न झाले नाही, किंवा जोडीदार गेला, त्यांची भाकर कोणी काढून घेतलेली नाही. पौल स्वतः लग्नाविना होता आणि त्याने ते कमीपणाचे मानले नाही. दुष्काळात एलिया या संदेष्ट्याला देवाने पाठवले ते सारफथ गावच्या एका विधवेकडे, जिच्या मडक्यात मूठभर पीठ आणि कुपीत थोडे तेल उरले होते. आणि ते पीठ संपले नाही, तेल आटले नाही, असे शास्त्र सांगते. मडके एकदम भरून वाहू लागले असे तिथे लिहिलेले नाही. रोज हात घातला की त्या दिवसापुरते निघत राहिले. आमच्या गल्लीत विड्या वळून तीन मुलांना शिकवणारी एक विधवा होती. पाने कापताना ती हीच गोष्ट माझ्याकडून पुनःपुन्हा ऐकत असे. हजार विड्यांमागे किती मिळाले आणि त्यातल्या कारखान्याने किती ‘छाट’ म्हणून बाजूला काढल्या, याचा हिशोब करून झाल्यावर ती म्हणे, ‘बाई, माझंबी मडकं तसलंच.’

एक सूचना करते. आमच्या मंडळ्यांतून लग्न ठरलेल्या मुलामुलींना पाळकसाहेब एक-दोनदा भेटतात आणि वचनांचा अर्थ सांगतात. त्याबरोबर त्यांनी दोघांना पहिल्या तीन महिन्यांचा घरखर्च एका कागदावर एकत्र बसून लिहून आणायला सांगावे. मुलाच्या आईने लिहून दिलेला चालणार नाही. पगार किती, घरभाडे किती, दोन्हीकडच्या आईवडिलांना किती, आणि कर्ज असेल तर कोणाचे, हे एकमेकांपुढे उघड व्हावे. शिवाय मंडळीतल्या एका जुन्या जोडप्याने वर्षभर महिन्यातून एकदा त्यांच्याकडे चहाला जावे, आणि जाताना उपदेश घरी ठेवून जावे. इतर समाजांतही अशी काही पद्धत असेल तर आपल्या वाचकांनी या सदरातून जरूर कळवावी. लग्नसराईच्या पुरवणीत दागिन्यांच्या आणि हॉलच्या जाहिरातींमध्ये अशा पत्रांना थोडी जागा मिळाली, तर संपादक महोदय, आम्ही आभारी राहू.

पत्र लांबले आहे. आमच्या भागात उद्या पहाटे पाणी सुटणार असल्याने आता थांबते. उठण्याची पाळी ह्यांची आहे. पण मोटार चालू करून ते परत झोपतात आणि टाकी वाहू लागते, तेव्हा मलाही उठावेच लागेल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका,
सोलापूर